मोल्सवर्थ हे आडनाव मुळात कुठलं?

कोशधुंडाळे

शब्द अडला की आपण सहज विचारतो, "मोल्सवर्थात काय दिलंय?" कोशाचं नाव म्हणून हा शब्द मराठीत इतका मुरलाय की ते कुणाचं आडनाव आहे याकडे लक्षच जात नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे मुंबई इलाख्याच्या फौजेतले अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंच्या मदतीने केलेला त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि बाबा पदमनजींनी केलेला त्याचा संक्षेप १८६३ चा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

धागा आडनावासाठी काढलाय. इंग्लंडातही हे आडनाव विरळच. शोधायला बसलं की कॉर्नवॉल, डब्लिन, रॉचडेल अशी एकमेकांपासून लांबलांबची गावं समोर येतात. मग मूळ कुठलं? नकाशावरून ते ठरवता येतं का? आणि एखादा मोल्सवर्थ, म्हणजे आपले कोशकार म्हणा, कोणत्या शाखेतला हे कागदावरून कसं काढायचं? जाणकारांनी पायऱ्या सांगाव्यात.

दप्तरदार

मूळ एका खेड्यात आहे. इंग्लंडच्या पूर्व भागातला हंटिंग्डनशायर हा जुना परगणा, त्याच्या पश्चिम टोकाला नॉर्थॅम्प्टनशायरच्या सीमेलगत मोल्सवर्थ गाव आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनमोजणीत, ते 'मोल्सवर्द' असं येतं. शेवटचा 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, वाडी म्हणा. आधीचा भाग 'मूल' हे माणसाचं नाव. तेव्हा मूलची वाडी.

आडनाव नंतरचं. तेराव्या शतकात लॅटिन कागदांत 'डे मोल्सवर्थ' असं लिहायचे. पुढे 'डे' गळालं आणि गावाचं नाव तेवढं माणसाला चिकटून राहिलं. छापील खानदानी वंशावळी पहिल्या एडवर्डच्या काळातल्या सर वॉल्टर डे मोल्सवर्थपासून सुरुवात करतात. हे गृहस्थ बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचे शेरीफ होते असं त्यात दिलेलं असतं. मात्र अशा वंशावळींतला पंधराव्या शतकाआधीचा भाग मूळ दस्त पाहिल्याशिवाय धरून चालू नका. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी घराण्यांनी पाठवलेला मजकूर बऱ्याचदा होता तसा छापलाय.

या बाबतीत हंटिंग्डनशायरचं नशीब चांगलं. १२७९-८० च्या 'हंड्रेड रोल्स' नावाच्या जमीन पाहणीचे तपशीलवार कागद मोजक्याच परगण्यांचे उरले आणि हा त्यातला एक. त्यात जमीनदारच नव्हे तर वेठीची कुळंही नावानिशी येतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दोन खंडांत छापले गेले. भाषा संक्षिप्त लॅटिन आहे, पण नावं शोधायला तेवढं लॅटिन पुरतं.

रानजाई

'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा तो प्राणी, आणि ज्या वाडीत त्यांचा सुळसुळाट ती मोल्सवर्थ, असा अर्थ आडनावांच्या बऱ्याच संकेतस्थळांवर दिसतो. तो साफ चूक म्हणायचा का?

दप्तरदार

हो, आणि कालक्रमाकडे पाहिलं की लगेच कळतं. गावाचं नाव १०८६ च्या आधीचं. त्या प्राण्याला 'मोल' म्हणायला लागले ते मध्ययुगाच्या उत्तरार्धात. जुन्या इंग्रजीत त्याला 'वाँड' म्हणत. शिवाय 'मोल्स' मधला 'स' षष्ठीचा आहे, आणि 'वर्थ' च्या आधी माणसाचं नाव षष्ठीत येणं ही नेहमीची ठेवण.

'मूल' हे नाव खरोखर ठेवत असत. सातव्या शतकात केंटच्या गादीवर मूल नावाचा राजा होता, वेसेक्सच्या कॅडवालाचा भाऊ. ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. नावाचा शब्दशः अर्थ खेचर, म्हणजे मिश्र रक्ताचा. टोपणनाव म्हणून सुरू झालं असणार. हा राजा आणि हे गाव यांचा मात्र काही संबंध जोडू नका, फक्त नाव एक.

नकाशेवाला

आता वितरणाकडे. सगळ्यांची पहिली चूक इथेच होते: जिथे डोकी जास्त तिथे मूळ. गावावरून पडलेल्या आडनावात हे सहसा उलट असतं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारील? नाव पडतं ते बाहेर गेल्यावर. आपल्याकडचे सासवडकर, सातारकर सासवडात आणि साताऱ्यात शोधून जसे फार मिळणार नाहीत, तसंच इथे. त्यामुळे खुद्द मोल्सवर्थ गावात मोल्सवर्थ सापडले नाहीत तर बिचकू नका. आसपासच्या १० ते ३० मैलांच्या पट्ट्यात शोधा: थ्रॅपस्टन, आउंडल, केटरिंग, पीटरबरो, हंटिंग्डन.

पायऱ्या अशा. १८८१ च्या जनगणनेची पूर्ण नक्कल 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, तिथून सुरुवात करा. परगणावार आकडे काढा, पण ते नुसते मांडू नका, लोकसंख्येने भागा. १८८१ मध्ये हंटिंग्डनशायरची वस्ती सुमारे ५९ हजार, लँकेशायरची सुमारे साडेचौतीस लाख. समजा पहिल्यात एका आडनावाची १२ माणसं निघाली आणि दुसऱ्यात ६०. वरवर पाहता लँकेशायर पाचपट. पण दर दहा हजारांत मोजलं तर हंटिंग्डनशायर २.०३ आणि लँकेशायर ०.१७, म्हणजे छोटा परगणा जवळजवळ बारापट दाट. (आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतलेत.)

इथे दुसरा खड्डा आहे. ती १२ माणसं म्हणजे आई, बाप आणि १० मुलं असं एकच घर असू शकतं, आणि ते घर दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामावर आलेलं असू शकतं. म्हणून विरळ आडनावात डोकी मोजूच नयेत. कुटुंबप्रमुख मोजा, आणि प्रत्येकाचं जन्मस्थान शेजारच्या रकान्यात भरा. राहण्याच्या जागांचा एक नकाशा आणि पन्नाशीपुढच्यांच्या जन्मगावांचा दुसरा. खरी माहिती दुसऱ्यात असते, कारण तो तुम्हाला १८३० च्या आधी, म्हणजे रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात नेतो.

थोरला_कारकून

वरच्यात तीन गोष्टींची भर.

१८४१ ची जनगणना जन्मगावासाठी निरुपयोगी आहे. त्यात 'याच परगण्यात जन्म का?' एवढंच हो-नाही विचारलंय, आणि १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलीत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्मगाव हवं तर १८५१ पासून पुढे.

नोंदणी जिल्हा म्हणजे परगणा नव्हे. मोल्सवर्थ गाव हंटिंग्डनशायरचं, पण त्या काळी जन्ममृत्यूची नोंद व्हायची थ्रॅपस्टन जिल्ह्यात आणि थ्रॅपस्टन आहे नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये. नोंदणीच्या सूचीवरून नकाशा केलात तर इथली माणसं शेजारच्या परगण्यात जाऊन बसतात. त्यात १९६५ साली हंटिंग्डनशायर पीटरबरोला जोडलं गेलं आणि १९७४ पासून सगळं केंब्रिजशायरमध्ये. आजच्या सीमांचा नकाशा आणि जुन्या सीमांचे आकडे एकत्र आणू नका.

१८८१ च्या त्या नकलेत आयर्लंड नाहीच. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि काही बेटं एवढंच. डब्लिनकडचे मोल्सवर्थ त्या नकाशात कधीच दिसणार नाहीत. आयर्लंडचे १८६१ ते १८९१ चे गणनापत्रक सरकारनेच नष्ट केले, त्याआधीचे बहुतेक १९२२ च्या आगीत गेले. संपूर्ण उरलेत ते १९०१ आणि १९११. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट. मधली पोकळी भरायला ग्रिफिथची १८४७ ते १८६४ ची मालमत्ता आकारणी वापरा, त्यात फक्त घरमालक आणि भाडेकरू येतात हे लक्षात ठेवून.

कोशधुंडाळे

फार कामाचं. पण कॉर्नवॉल आणि डब्लिन इतके ठळक का दिसतात? दोन्ही ठिकाणं मूळ गावापासून कितीतरी लांब.

दप्तरदार

कारण तिथले मोल्सवर्थ मोठे झाले, आणि मोठ्यांचे कागद टिकतात. संख्येचा त्याच्याशी संबंध नाही.

कॉर्नवॉलची शाखा म्हणजे पेनकॅरोचं घराणं, बॉडमिन आणि वेडब्रिजच्या मधे. पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा हिशेबनीस म्हणून तिकडे गेला. गेला तो नोकरीवर, आणि स्थायिक झाला. तिथल्या हेंडर घराण्यात त्याने लग्न केलं आणि त्या घराण्याचं आडनाव पुढे मोल्सवर्थांमध्ये पाळण्यातलं नाव म्हणून आलं. १६८९ साली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत 'सर', झालेला हेंडर मोल्सवर्थ, जमैकाचा गव्हर्नर, याच घरातला. विरळ आडनावात असं एखादं विचित्र पहिलं नाव म्हणजे सोन्याची खाण. जॉन आणि विल्यम शेकड्याने सापडतील, पण हेंडर मोल्सवर्थ दिसला की बोट पेनकॅरोकडे जातं.

डब्लिनची शाखा सतराव्या शतकातली. क्रॉमवेलच्या वेळी तिथे व्यापारात हात मारलेल्या रॉबर्ट मोल्सवर्थचा मुलगा, तोही रॉबर्टच, बाप गेल्यावर १६५६ मध्ये जन्मला. हाच पुढे डेन्मार्कला राजदूत होता आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीचा एक दर्जा) झाला. त्याचा एक मुलगा रिचर्ड. १७०६ च्या रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला तेव्हा याने आपला घोडा त्याला दिला. पुढे स्वतः फील्ड मार्शल झाला.

आणि रॉचडेल? तिथे १८३९ ते १८७७ जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ हे मुख्य धर्मगुरू होते. त्यांचा एक मुलगा इतिहासकार, दुसरा सर गिल्फर्ड मोल्सवर्थ, म्हणजे इंजिनियरांच्या खिशातल्या सूत्रांच्या पुस्तकाचा कर्ता. १८७१ पासून हा हिंदुस्थान सरकारचा सरकारी रेल्वेंसाठीचा सल्लागार अभियंता होता. गंमत अशी की गिल्फर्डचा जन्म हँपशायरमधला, कारण बाप तेव्हा तिथे होता. पाद्री, फौजी आणि अबकारीवाले यांच्या मुलांची जन्मगावं नकाशात धरायचीच नाहीत. ती बापाच्या बदल्यांचा नकाशा दाखवतात.

रानजाई

रस्ते आणि गावांच्या नावांचं काय? डब्लिनला मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, वेलिंग्टनला आहे, न्यूझीलंडमध्ये मोल्सवर्थ स्टेशन आहे, टास्मानिया आणि व्हिक्टोरियातही गावं आहेत.

नकाशेवाला

वितरणाच्या दृष्टीने शून्य किंमत. डब्लिनचा रस्ता व्हायकाउंटच्या जमिनीवर आखला गेला, त्याचा घराण्याशी संबंध तरी आहे. वेलिंग्टनचा रस्ता सर विल्यम मोल्सवर्थ यांच्या नावाचा. पेनकॅरोचे आठवे बॅरोनेट, १८५५ मध्ये वसाहतमंत्री, तत्त्वज्ञ हॉब्जच्या समग्र लेखनाचे संपादक. न्यूझीलंडवर त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. दक्षिण बेटावरचं मोल्सवर्थ स्टेशन हे त्या देशातलं सर्वांत मोठं फार्म, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर, आणि त्यावर गाईगुरं आहेत, मोल्सवर्थ नाहीत.

एक योगायोग मात्र भारी: डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट नाकासमोर जाऊन आयर्लंडच्या संसदेला भिडतो, आणि न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवरच.

थोरला_कारकून

आता वर्णलेखन, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मॉल्सवर्थ, मौल्सवर्थ, मुल्सवर्थ, सगळी एकाच घरातली असू शकतात. १६३२ साली आपलं आयुष्य पद्यात मांडणारी मार्था मौल्सवर्थ ही विधवा या आडनावाखाली आली ती तिसऱ्या नवऱ्यामुळे, आणि त्या नवऱ्याचं आडनाव मोल्सवर्थ असंही लिहिलेलं मिळतं.

यंत्राने शोधताना 'सारखा उच्चार' या पर्यायावर विसंबू नका. त्यामागे बहुधा साउंडेक्स असतं, म्हणजे पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे असा संकेत. मोल्सवर्थचा संकेत एम-४२६, मौल्सवर्थचा तोच. पण मधे 'डी' आलेलं मोल्ड्सवर्थ घेतलं की संकेत होतो एम-४३२, आणि ती नोंद यादीतून गायब. अठराव्या शतकातल्या छापील मजकुरात शब्दाच्या मधला 'एस' लांब दांडीचा असे. यंत्र तो 'एफ' वाचतं आणि 'मोलेफवर्थ' तयार होतो. त्याचा संकेत एम-४१६. म्हणून तारांकन (*, म्हणजे तिथे कोणतीही अक्षरं चालतील) वापरून स्वतंत्र शोध घ्या: पहिलं 'एम', मग तारा, मग 'एल', मग तारा, शेवटी 'वर्थ'. 'फ्रीबीएमडी' या जन्म-लग्न-मृत्यूच्या सूचींच्या संकेतस्थळावर हे चालतं. वर्थच्या जागी 'वुड' आणि 'वथ' घालूनही एकेक फेरी मारा, जुन्या कारकुनांचे हात असे घसरलेले असतात.

जोडआडनावाची वेगळी कटकट. पेनकॅरोचे बॅरोनेट पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन झाले. काही सूचींत ते 'एम'खाली, काहींत 'एस'खाली, आणि क्वचित नुसत्या 'ऑबिन'खाली. तिन्हीकडे पाहा.

रानजाई

मोल्ड्सवर्थ म्हणजे फक्त वेगळं लिहिलेलं मोल्सवर्थच ना?

थोरला_कारकून

तिथेच जपून. चेशायरमध्ये चेस्टरजवळ मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. रेल्वे स्थानकही आहे. व्युत्पत्ती वेगळी, तिथला पहिला भाग 'टेकडीचा माथा' या अर्थाच्या शब्दाचा. लँकेशायर-चेशायरच्या बाजूला एखादं जुनं घराणं 'डी'सकट लिहीत असेल तर ते या दुसऱ्या गावचं असण्याची शक्यता आधी तपासा. 'डी' कारकुनाने घुसडला की मुळातच होता हे एका नोंदीवरून सांगता येत नाही. त्या घराच्या सलग तीन पिढ्यांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा सगळ्या नोंदी एका तक्त्यात घ्या आणि 'डी' किती वेळा येतो ते बघा. शिवाय माणसाने स्वतः सही केली असेल तर तिचं वजन कारकुनाच्या लेखनाहून जास्त. १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत वधूवरांची सही किंवा खूण घेणं सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या सह्या मिळतात.

सतराव्या शतकासाठी १६४१-४२ ची शपथपत्रं ('प्रोटेस्टेशन रिटर्न्स') बघा. १८ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाचं नाव गाववार आहे. कॉर्नवॉलची चांगली टिकलीत, हंटिंग्डनशायरचीही. दोन्ही टोकं एकाच वर्षात जोखायला याहून सोयीचा कागद नाही.

कोशधुंडाळे

ऑनलाइन दुकानांत 'मोल्सवर्थ कुलचिन्ह' असलेले कप आणि पाट्या मिळतात. त्यावरून शाखा ओळखता येते का?

दप्तरदार

नाही. इंग्लंडात कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही. कपावर बहुधा बॅरोनेटांचं किंवा व्हायकाउंटांचं चिन्ह छापलेलं असतं. खरा उपयोग जुन्या थडग्यावर, चांदीच्या भांड्यावर किंवा मृत्युपत्राच्या मोहोरेवर चिन्ह मिळालं तर.

नकाशेवाला

डीएनएबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहितो. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एकच आडनाव असलेल्या, एरवी नातं नसलेल्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. वाय गुणसूत्रावरून सुमारे २४ टक्के जोड्यांत समान पूर्वज निघाला. आडनाव जितकं विरळ तितकं प्रमाण वाढतं. स्मिथसारख्या आडनावात जवळजवळ काहीच हाती लागत नाही. तेव्हा मोल्सवर्थसारख्यात चाचणीला अर्थ आहे.

पण रचना नीट हवी. एकाच घरातले चुलतभाऊ तपासून पैसे घालवू नका. कागदावर १८०० च्या आधी वेगळ्या झालेल्या प्रत्येक फांदीतून दोन दोन पुरुष घ्या. दोघांचं जुळलं तर त्या फांदीची खूण पक्की. न जुळल्यास तिसरा घ्या. दत्तक, विवाहबाह्य जन्म, आईचं आडनाव लावणं, मालमत्तेसाठी आडनाव बदलणं, यांपैकी काहीही झालेलं असू शकतं. शेवटचा प्रकार जमीनदार घरांत भरपूर. आणि न जुळणं म्हणजे कुणाच्या तरी घरातली गोष्ट बाहेर येणं, तेव्हा नमुना देणाऱ्याची आधी लेखी संमती घ्या.

दप्तरदार

शेवटचा प्रश्न राहिला, आपल्याकडे आलेल्या मोल्सवर्थांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून यायचं तर उमेदवाराला बाप्तिस्म्याचा किंवा जन्माचा दाखला द्यावा लागे. हे 'कॅडेट पेपर्स' लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, वर्ग एल/एमआयएल/९, साधारण १७८९ ते १८६०. त्यात गाव आणि आईबापांची नावं मिळतात, आणि कुणाच्या शिफारशीने नेमणूक झाली तेही. आपल्या कोशकारांसारख्या मुंबईच्या अधिकाऱ्यासाठी यानंतर एल/एमआयएल/१२ मधली सेवानोंद.

इथे झालेली लग्नं, बाप्तिस्मे, दफनं एन/३ या वर्गात, तो मुंबई इलाख्याचा. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास. फौजी माणूस मुंबईचा असला तरी लग्न मद्रासेत झालेलं असू शकतं, त्यामुळे तिन्ही सूच्या चाळा. 'फिबिस' या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर यातल्या बऱ्याच सूच्या फुकट शोधता येतात.

दाखल्यावरचं गाव मिळालं की त्या गावच्या चर्चची नोंदवही, तिच्यावरून बापाचं लग्न, मग आजा. नोंदवही फाटलेली किंवा मधली वर्षं कोरी असतील तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल मागा, ती १५९८ पासून ठेवत. हंटिंग्डनशायरची कागदपत्रं हंटिंग्डनच्याच अभिलेखागारात आहेत. कॉर्नवॉलची रेडरूथला, क्रेसेन कर्नोमध्ये.

कोशधुंडाळे

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर बापाचा हुद्दा 'एस्क्वायर' असला तर त्यावरून खानदानी शाखा म्हणायची का?

थोरला_कारकून

१७९० च्या पुढे तो शब्द फार स्वस्त झाला होता. वकील, फौजी अधिकारी, बरा सावकार, कुणालाही लावत. त्यापेक्षा शिफारस करणाऱ्या कंपनीच्या संचालकाचं नाव आणि बापाचा पत्ता बघा, आणि बापाचं मृत्युपत्र कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात (मृत्युपत्रं नोंदणारं चर्चचं न्यायालय) नोंदलंय का ते शोधा. ती १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. मृत्युपत्रात भाऊ, मेव्हणे, पुतणे नावानिशी येतात. शाखा तिथे कळते.

रानजाई

१८८१ मधल्या कुटुंबप्रमुखांचा तक्ता करायला घेतेय. रकाने असे: नाव, वय, राहण्याचं गाव, जन्मगाव, नोंदणी जिल्हा, मूळ कागदावरचं लेखन. आणखी काही हवं?

नकाशेवाला

पत्नीचं जन्मगाव आणि सर्वांत मोठ्या मुलाचं जन्मगाव. स्थलांतर कधी झालं ते त्या दोन रकान्यांतून दिसतं. मूळ पानाचा क्रमांकही घाला, नाहीतर एकच घर दोनदा मोजलं जाईल.

थोरला_कारकून

आणि 'मूळ कागदावरचं लेखन' हा रकाना नकलेवरून भरू नका, पानाचं छायाचित्र उघडून भरा.